जंतू मेले, मग गुडघा का बिघडला?

गेल्या माघात मामांचा उजवा गुडघा सुजला. त्याआधी आठवडाभर टाचेच्या भेगेत उसाचं पाचट घुसून जखम झाली होती. ती त्यांनी हळद भरून तशीच सोडली. मधुमेह बारा वर्षांचा. गुडघा सुजला तेव्हा घरात सगळ्यांनी संधिवातच धरला. तेल गरम करून चोळलं, विटेचा शेक दिला, ठणका मारायची गोळी आणली. चौथ्या रात्री हुडहुडी भरून ताप चढला आणि पाय जमिनीला टेकवेना, तेव्हा कुठे कऱ्हाडला नेलं. गुडघ्यात सुई घातली तर पू आला. त्याच रात्री सांधा उघडून धुतला. पुढे सहा आठवडे अँटिबायोटिक चाललं. दुसऱ्या आठवड्यातच तपासणीत जंतू सापडेनासे झाले.

आणि तरीही मामांचा गुडघा काटकोनापलीकडे वाकत नाही. मामीनं फोनवर विचारलं, "जंतू मेलं म्हणत्यात, रिपोर्टमधी काय न्हाई म्हणत्यात, मग गुडघा का वाकंना?"

हा प्रश्न मला इतका रास्त वाटला की तेव्हापासून तो डोक्यातून गेलेला नाही. थोडक्यात सांगायचं तर सांध्याची नासधूस जंतूइतकीच, कित्येकदा त्याहून जास्त, त्याला मारायला आलेली आपलीच फौज करते. त्या फौजेला बोलावणारा निरोप जंतू मेला म्हणून लगेच थांबत नाही. हे कसं होतं ते नीट समजून घेऊ, कारण घरी वाया गेलेल्या त्या चार दिवसांची किंमत त्यातूनच कळते.

सांधा म्हणजे बिनउंबरठ्याची खोली

गुडघा ही एक बंद खोली समजा. आत दोन हाडांची टोकं समोरासमोर, आणि प्रत्येक टोकावर काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत पांढरा थर. त्याला कूर्चा म्हणतात. मटण खाणाऱ्यांनी हाडाच्या टोकाला चमकदार, दाताखाली कुरकुरणारी टोपी पाहिली असेल, तीच ही. कूर्चेत रक्तवाहिनी नसते, मज्जातंतूही नसतो. त्यामुळे ती झिजली तरी स्वतः दुखत नाही आणि तुटली तर सहसा भरूनही येत नाही.

तिची आतली रचना कळायला भिजवलेला सब्जा डोळ्यांपुढे आणा. एका मजबूत जाळीच्या पिशवीत सब्जा ठासून भरलाय आणि वर पाणी सोडलंय. बी फुगू पाहतं, जाळी त्याला आवरून धरते. या ओढाताणीतून जी लवचीक, दाबाला न दबणारी गादी तयार होते, तशीच कूर्चा असते. जाळी कोलॅजेन नावाच्या धाग्यांची, आणि पाणी धरून ठेवणारं बी म्हणजे साखर आणि प्रथिनांचे मोठे रेणू. आधी बी गेलं तर गादी मऊ पडते, पण जाळी शाबूत असेपर्यंत थोडी आशा असते. जाळीच तुटली की काही उरत नाही.

खोलीच्या भिंतींना आतून एक पातळ अस्तर असतं. वंगण तेच तयार करतं. निरोगी गुडघ्यात हे वंगण चहाचा चमचाभरही नसतं. दिसायला अंड्यातल्या पांढऱ्यासारखं, चिकट, दोन बोटांत धरलं तर तार निघेल असं. कूर्चेचं पोषण या वंगणातूनच होतं. अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि, मुद्दा इथेच आहे, शरीरात इतरत्र अशा अस्तराखाली जो घट्ट पडदा असतो तो इथे नसतो. रक्तातून वाहत आलेला जंतू फारसा न अडता थेट सांध्यात उतरू शकतो. पोषणाची ये-जा सोपी व्हावी म्हणून ठेवलेली ही मोकळीक जंतूलाही तितकीच सोयीची पडते.

आत शिरतो कोण?

मोठ्या माणसांत बहुतेक वेळा एकच नाव निघतं, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा गोल जंतू घोसाघोसानं लगडलेले दिसले. ग्रीक भाषेत द्राक्षांच्या घोसाला जो शब्द आहे त्यावरून त्यांनी हे नाव दिलं. ऑरियस म्हणजे सोनेरी, कारण प्रयोगशाळेतल्या बशीत त्याची वसाहत सोनेरी-पिवळी दिसते. हा काही परका जंतू नव्हे. साधारण दर तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकात तो एरवीही सुखानं नांदतो. भेग, गळू, खाजवून झालेली जखम, सलाईनची सुई, अशी एखादी वाट मिळाली की रक्तात येतो. रक्तात आलेला प्रत्येक जंतू सांध्यात जातो असं मुळीच नाही. मधुमेह, आधीच बिघडलेला सांधा, बसवलेला कृत्रिम सांधा, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा म्हातारपण असेल तर धोका वाढतो.

पहिली हाक

सांध्याच्या अस्तरात कायमचे पहारेकरी असतात. या पेशींना मॅक्रोफेज म्हणतात, आपण पहारेकरीच म्हणू. त्यांच्या अंगावर आणि आत वेगवेगळे ओळखसंच बसवलेले असतात. ते एखाद्या विशिष्ट जंतूचा चेहरा ओळखत नाहीत, जंतूंच्या अख्ख्या जातीची ठेवण ओळखतात. गावच्या राखणदाराला चोराचं नाव ठाऊक नसतं, पण रात्री दोन वाजता कुंपणावरून उडी मारणारा माणूस पाहुणा नव्हे एवढं कळतं, तसं.

या ओळखसंचांना टोल-सदृश ग्राहक म्हणतात. आपल्याकडच्या टोलनाक्याशी या नावाचा संबंध नाही. फळमाशीतला एक जनुक सापडला तेव्हा जर्मन शास्त्रज्ञ क्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोल्हार्ड यांच्या तोंडून 'टोल!' म्हणजे 'कमाल!' असा उद्गार निघाला, तेच नाव पडलं. हा जनुक माशीला बुरशीपासून वाचवतो हे ज्यूल्स हॉफमन यांच्या चमूनं १९९६ मध्ये दाखवलं. त्याचाच भाऊबंद उंदरांत जंतूंची चाहूल घेतो हे ब्रूस बॉइटलर यांनी १९९८ मध्ये दाखवलं. दोघांना २०११ चं नोबेल मिळालं. या ग्राहकांना क्रमांक दिलेले आहेत, आणि आपल्या गोष्टीत त्यातले दोन महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या क्रमांकाचा ग्राहक जंतूच्या अंगावरची चरबी चिकटलेली प्रथिनं ओळखतो. नववा ग्राहक पेशीच्या आत असतो आणि जंतूचा डीएनए ओळखतो. आपल्या डीएनएवर ठरावीक जागी एक छोटी रासायनिक खूण असते. जंतूच्या डीएनएवर ती नसते, आणि त्यावरूनच परका कळतो.

सांगावा सुटतो

ओळख पटली की पहारेकरी एकट्यानं लढत बसत नाही, तो सांगावे धाडतो. पेशींनी एकमेकींना पाठवलेल्या या रासायनिक निरोपांना सायटोकाइन म्हणतात. शेकडो आहेत. इथे चार पुरेत.

टीएनएफ हा सांगावा जवळच्या रक्तवाहिन्यांना जातो: भिंती सैल करा, चिकट करा. भिंती सैल झाल्या की पाणी झिरपतं आणि सूज येते. चिकट झाल्या की वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात. इंटरल्युकिन-१ कूर्चेतल्या पेशींपर्यंत पोचतो आणि त्यांना आपल्याच भोवतालची जाळी तोडणारी द्रव्यं सोडायला लावतो. इंटरल्युकिन-८ म्हणजे फौजेला हाक. इंटरल्युकिन-६ रक्तातून दूर यकृतापर्यंत जातो आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन ओतू लागतं. प्रयोगशाळेच्या कागदावर 'सीआरपी वाढलेलं' दिसतं ना, ते म्हणजे गुडघ्यातला सांगावा यकृतानं ऐकला याची पोच. ताप हीसुद्धा अशीच पोच. तोच निरोप मेंदूनं ऐकलेला असतो.

खरी अडचण पुढे आहे. हा सांगावा ऐकणारी पेशी स्वतःही तोच सांगावा पुढे धाडते. अस्तरातल्या साध्या पेशी, ज्यांचं काम वंगण करायचं, त्याही हाकाटीत सामील होतात. यात्रेच्या गर्दीत कुणी 'पळा' ओरडलं की ऐकणाराही ओरडतो, आणि थोड्या वेळानं पहिला माणूस गप्प झाला तरी गर्दी ओरडतच राहते. सांध्यात अगदी असंच घडतं.

पू म्हणजे फौजच

बोलावलेली फौज म्हणजे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे एल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात घरच्या बागेतले बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. शरीर आपल्या पेशी धाडून परक्याला गिळतं ही कल्पना त्या काट्यातून निघाली आणि १९०८ मध्ये तिला नोबेल मिळालं.

निरोगी गुडघ्याच्या वंगणात एका घनमिलिमीटरला, म्हणजे मोहरीएवढ्या थेंबाला, दोनशेहून कमी पांढऱ्या पेशी असतात. जंतूंनी भरलेल्या सांध्यात हा आकडा बऱ्याचदा पन्नास हजारांच्या वर जातो. मामांच्या गुडघ्यातून निघालेलं पाणी मी स्वतः पाहिलं. सिरिंजमध्ये ताकासारखं गढूळ, पिवळट. डॉक्टरांनी सुईच्या टोकावरून एक थेंब सोडला. चांगलं वंगण तार धरून लोंबतं, हा थेंब पाण्यासारखा टपकन पडला. वंगणाला चिकटपणा देणारा रेणूच त्या लढाईत तुटून गेला होता.

न्यूट्रोफिल जंतूला गिळतात आणि आत घेऊन जाळतात. पण त्यांचं आयुष्य फार थोडं, आणि मरताना त्यांच्या पोटातली तीव्र द्रव्यं बाहेर सांडतात. मोकळ्या जागेत ती वाहून जातील. बंद खोलीत ती कूर्चेवर साचून राहतात. जाळी तुटते, बी सांडतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही झीज संसर्गानंतर एक-दोन दिवसांतच सुरू झालेली दिसते. चार दिवस विटेचा शेक देत होतो तेव्हा आत काय चाललं होतं, ते आता डोळ्यांपुढे येतं आणि वाईट वाटतं.

मेलेला जंतूही बोलतो

आता मामीच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ. अँटिबायोटिकनं जंतू मरतो म्हणजे फुटतो. त्याच्या भिंतीचे तुकडे, अंगावरची प्रथिनं, डीएनए, सगळं तिथेच पडतं. पहारेकरी जंतू जिवंत आहे की मेला हे विचारत नाही. त्याचे ओळखसंच तुकडे ओळखतात, आणि तुकडे तर आता पूर्वीपेक्षा जास्त मोकळे झालेले असतात.

हे अंदाजाचं बोलणं नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे आंद्रे टारकोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये उंदरांच्या गुडघ्यात जंतू न टोचता फक्त जंतूंचा डीएनए टोचला. दोन तासांत सांध्यात सूज दिसू लागली आणि ती किमान दोन आठवडे टिकली. एकही जिवंत जंतू नसताना. त्या उंदरांतल्या पहारेकरी पेशी आधीच काढून टाकल्या तर सूज आलीच नाही, म्हणजे हाकाटी कुठून सुरू होते तेही कळलं. वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, गोथेनबर्गच्याच संशोधकांनी स्टॅफिलोकॉकसची फक्त चरबी चिकटलेली प्रथिनं टोचून पाहिली. सांधा त्यानंही बिघडला, आणि तोही दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकामार्फत.

तेव्हा 'रिपोर्टमध्ये काही नाही' याचा अर्थ एवढाच की वाढू शकणारा जंतू नाही. त्याचा कचरा आहे की गेला, सांगावे थांबले की चालूच आहेत, हे त्या कागदावर नसतं.

हाडाचंही थोडं सांगतो. हेच सांगावे हाड पोखरणाऱ्या पेशी जाग्या करतात. एरवी त्या जुनं हाड काढून नव्याला जागा करून देतात. इथे त्या काढतच सुटतात, म्हणून काही आठवड्यांनी एक्स-रेवर हाडाच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात.

"मग सूजच मारून टाका की!"

हे सगळं ऐकल्यावर कुणीही हेच म्हणेल. फौज नुकसान करत असेल तर फौजच थांबवा. गोथेनबर्गमध्ये हेही करून पाहिलं होतं. ज्या उंदरांत टीएनएफचा सांगावा तयारच होत नाही अशांना स्टॅफिलोकॉकस टोचला. त्यांचे सांधे कमी बिघडले, पण उंदीर जास्त मेले. सांधा वाचला आणि जीव गेला. न्यूट्रोफिल काढून टाकलेल्या उंदरांचं तर दुखणंच बळावलं.

माणसांतही याचा पडताळा आहे. संधिवातासाठी टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं दिली जातात आणि कित्येकांना त्यांचा मोठा आधार आहे. पण ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींतून २०११ मध्ये दिसलं की ही औषधं घेणाऱ्यांत जंतूंमुळे सांधा पिकण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. अशी इंजेक्शनं चालू असतील तर ती मनानं बंद करू नका. मात्र एखादाच सांधा अचानक सुजला तर तो नेहमीचा संधिवात समजून घरी बसू नका.

दुसरी बाजूही आहे. २०११ मध्येच उंदरांत अँटिबायोटिकच्या जोडीला टीएनएफ अडवणारं औषध दिलं, तर नुसत्या अँटिबायोटिकपेक्षा सांधे लवकर सुधारले. त्याआधी २००३ मध्ये कोस्टा रिकात शंभराहून जास्त मुलांवर अभ्यास झाला. अँटिबायोटिकबरोबर चार दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेल्या मुलांत वर्षानंतर सांध्याचं अपंगत्व कितीतरी कमी राहिलं. म्हणजे क्रम महत्त्वाचा आहे. जंतूवर आधी पकड, मग फौजेला आवर. मोठ्या माणसांसाठी अजून हा सर्रास दिला जाणारा इलाज नाही. आणि जंतू आहे की नाही हे न पाहताच गुडघ्यात स्टेरॉइड टोचून घेणं म्हणजे चोर घरात असताना राखणदाराला झोपेची गोळी देणं.

"पाणी काढलं की परत भरतं, म्हणे"

गुडघ्यातलं पाणी काढू नये, एकदा काढलं की सवय लागते, हे आपल्याकडे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की शिकलेली माणसंही सुई नाकारतात. पाणी परत भरतं ते सांगावे चालू असतात म्हणून. सुईनं सवय लागते हा समज चुकीचा आहे. उलट पिकलेल्या सांध्यातून पू काढणं, गरज पडली तर पुन्हा काढणं किंवा ऑपरेशननं धुणं, हा उपचाराचा अर्धा भाग आहे. त्या पुवाबरोबर जंतूंचे तुकडे जातात, सांडलेली तीव्र द्रव्यं जातात आणि सांगावेही जातात. अँटिबायोटिकला यातलं काहीच जमत नाही. शिवाय स्टॅफिलोकॉकस सांध्याच्या पाण्यात गोळे करून बसतो. त्या गोळ्याच्या आत औषध नीट भिडत नाही, धुतल्यानं ते फुटून बाहेर येतात.

निदानही तेच पाणी करतं. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी पाणी काढलं तर जंतू सापडायची शक्यता जास्त. म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच गोळ्या सुरू करण्यात दुहेरी तोटा आहे: जंतू पुरता मरत नाही आणि नाव-गावही लपवतो.

"चिकनगुनिया की आणखी काही, घरी कसं कळणार?"

खात्रीनं कळत नाही. चिकनगुनियात बहुधा दोन्ही बाजूंचे अनेक सांधे एकदम धरतात. पिकलेला सांधा सहसा एकटा असतो, निम्म्या वेळा तो गुडघाच. गाऊटमध्येही एकच सांधा लाल होऊन ठणकतो, कारण तिथे युरिक ॲसिडचे स्फटिक हाच इंटरल्युकिन-१ चा सांगावा सोडायला लावतात. बाहेरून फरक दिसत नाही, आणि कधी दोन्ही एकत्रही असतात. ताप नसला तरी जंतू असू शकतो, विशेषतः वयस्कर आणि मधुमेही माणसांत. एकच सांधा एक-दोन दिवसांत सुजला, गरम लागतोय, हलवता येत नाही, तर त्याच दिवशी सुई घालून पाणी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. हे दुखणं अंगावर काढण्यासारखं नाही.

तान्ह्या बाळांत तर फारच जपावं लागतं. बाळाचा खुब्याचा सांधा पिकला तर ताप येईलच असं नाही. लंगोट बदलताना बाळ किंचाळतं आणि एक पाय हलवेनासं होतं, एवढंच दिसतं. खुब्यातल्या पुवाच्या दाबानं मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. लंडनच्या थॉमस स्मिथ यांनी १८७४ मध्ये बाळांच्या या दुखण्याचं वर्णन केलं, आणि आपले अस्थिरोगतज्ज्ञ आजही ते त्यांच्याच नावानं ओळखतात.

मामीला काय सांगितलं

मी मामीला सब्ज्याचंच उदाहरण दिलं. म्हटलं, जाळी बरीच तुटली, आणि सांधा धुतल्यानंतरही आतल्या पेशी काही आठवडे आरडाओरडा करतच होत्या. भरून आलं ते कूर्चेनं नाही, खरखरीत व्रणानं. व्रण आखडतो, म्हणून वाकत नाही. व्यायामानं त्यातलं थोडं सुटतं, कूर्चा मात्र परत येत नाही. मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजी आग इझली, पर छप्पर गेलं."

मामा रोज सकाळी पाटावर टाच टेकवून गुडघा वाकवायचा प्रयत्न करतात. मामीनं भिंतीवर कोळशानं रेघा मारल्यात, पाय कुठपर्यंत येतो ते पाहायला. आणि रात्री झोपायच्या आधी ती स्वतः त्यांच्या दोन्ही टाचा उजेडात धरून बघते.